आत्याच्या पोटरीतला पंप

आमच्या आत्यासारखी हट्टी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि मी स्वतः काही कमी हट्टी नाही. माझा गणवेश शिवायचा कारखाना आहे. चौदा मशीन आणि एक लांबलचक कटिंग टेबल. मशीनवरच्या बायका बसून शिवतात, कापणारी मात्र उभी. आत्या माझ्या वडिलांच्या वेळेपासून, म्हणजे बत्तीस वर्षं, त्या टेबलापाशी उभी आहे. कापडाचे चाळीस थर एकावर एक पसरायचे, वर खडूने आखायचं आणि एका दमात कापायचं. तिच्या पहिल्या आणि चाळिसाव्या तुकड्यात सुताचा फरक सापडत नाही.

तिच्या पायांवर निळ्या शिरा फुगून आल्या होत्या. आम्ही सगळ्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं, आणि तिनेही. मग डाव्या घोट्याच्या जरा वर, आतल्या बाजूला, शर्टाच्या बटणाएवढी जखम झाली आणि तीन महिने झाले तरी भरेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ही भरली नाही, तर उभं राहायचं काम सोडावं लागेल."

आत्याचं तोंड एवढंसं झालं. तिला मूलबाळ नाही, नवरा कधीच गेलेला. तिचं जे काही होतं ते त्या टेबलापाशी.

आणि मी काय केलं? लपवून काय उपयोग, सांगूनच टाकते. मी दुसऱ्या कारखान्यातल्या एका कापणारणीला गुपचूप फोन केला आणि सांगितलं की बाई, माझ्याकडे लवकरच जागा होईल. धंदा आहे, थांबून कसं चालेल, अशी मनाची समजूत घातली.

डॉक्टरीणबाईंनी पायात घालायचा घट्ट मोजा लिहून दिला होता. मी म्हटलं, चौदा मशीन घरची आणि मोजा बाजारातून आणायचा? नाक कापलं जाईल! ताणणारं कापड घेतलं आणि स्वतः बसून शिवला. घसरू नये म्हणून गुडघ्याखाली दुहेरी इलॅस्टिक चांगलं आवळून लावलं. आमच्या धंद्यातली अक्कल तेवढीच. वस्तू घसरते, तर वरून आवळा.

आठ दिवसांत पाय टम्म सुजला आणि जखम कोटाच्या बटणाएवढी झाली. डॉक्टरीणबाईंनी मोजा उलटा-सुलटा करून पाहिला आणि माझी अशी खरडपट्टी काढली की मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"अहो, वर आवळलंत तर रक्त चढणार कुठून? मोजा घोट्याशी सगळ्यात घट्ट हवा आणि वर जाताना सैल होत जायला हवा!"

आत्याने तो मोजा नीट घडी करून माझ्या हातात दिला. त्यापेक्षा चार थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पावलावरची नाडी नीट तपासली, मगच नवा मोजा दिला आणि समजावून सांगितलं. पायातलं रक्त छातीपर्यंत वर चढायचं असतं. चालताना पोटरी आवळते आणि त्याला वर ढकलते, शिरांमधल्या इवल्याशा झडपा ते खाली पडू देत नाहीत. त्या झडपा सैल झाल्या की रक्त खाली साचतं. तासन्‌तास एका जागी उभं राहिलं की पोटरीचं काम थांबतं.

"म्हणजे माझ्या पोटरीत पंप आहे?" आत्याने डोळे मोठे केले. "आणि साठ वर्षं तो मला न सांगता चालतोय? अगं बाई!"

त्या दिवसापासून ती त्या पंपाची चाकरी करू लागली. सकाळी पलंगावरून पाय खाली टाकायच्या आधी मोजा. कापडाचा एक थर पसरून झाला की वीस वेळा टाचा वर, टाचा खाली. दुपारी कापडाच्या गठ्ठ्यांवर पाय ठेवून अर्धा तास आडवी, पाय छातीपेक्षा उंच. संध्याकाळी घरी चालत, वाटेत कोणी गाडीवर बसवायला आलं तर त्याची हजेरी घ्यायची. झोपताना पायांच्या कोरड्या कातडीला मलम. दर आठवड्याला पट्टी बदलायला दवाखाना.

"आत्या, कापड पसरतेस की कवायत करतेस?" मी एकदा वैतागून ओरडले.

"दोन्ही," ती म्हणाली आणि टाचा उचलतच राहिली.

महिनाभरात चौदाही मशीनखाली पावलं वरखाली व्हायला लागली. मला आधी हसू आलं. मग एका दुपारी मी दाराशी उभी राहून आत्याची पोटरी पाहत राहिले. आवळत होती, सैल होत होती, पुन्हा आवळत होती. सुरकुतलेली, निळ्या शिरांची ती पोटरी त्या क्षणीही रक्त वर चढवत होती. एवढं मोठं काम आणि आवाज नाही, तक्रार नाही. आत्याचंही तसंच, हे मला तेव्हा लख्ख दिसलं.

पाचव्या महिन्यात जखम भरली. तिथे पातळ, गुलाबी कातडी आली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काम करा, पण मधूनमधून बसा, आणि मोजा कायमचा."

परत येताना मला राहवलं नाही. रस्त्यातच थांबून मी फोनचं सगळं सांगून टाकलं आणि रडले.

"ठाऊक आहे मला," आत्या म्हणाली. "ती बिचारी मागच्याच महिन्यात टेबल बघायला येऊन गेली. तू बाहेर गेली होतीस."

"मग? काय म्हणालीस तिला?"

"काय म्हणणार? तिच्या घोट्यांवर निळ्या शिरा दिसत होत्या. तिला बसवलं आणि टाचा कशा उचलायच्या ते शिकवलं. म्हटलं, या टेबलापाशी मी नसेन तेव्हा तू असशील. माझ्यासारखा उशीर करू नकोस."