एक नंबर बाई आणि सायकल

गणिताच्या बाईंना सगळी शाळा 'एक नंबर बाई' म्हणायची, अर्थात पाठीमागे. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. पहिलीपासून त्यांचा पहिला नंबर कधी हुकला नव्हता. तो हुकू नये म्हणून त्यांनी काय काय केलं नाही, हे मात्र त्यांच्या नवऱ्याला तोंडपाठ होतं. पोहायला गेल्या नाहीत, कुठे नाचल्या नाहीत आणि पत्त्यांत हरायची वेळ आली की यांचं डोकं दुखायला लागायचं.

हुशार मुलांसाठी पिवळा बिल्ला सुरू केला तोही बाईंनीच. दरवर्षी वर्गातली सात मुलं तो मिरवायची आणि उरलेली चौतीस, आपल्याकडून कुणाची काही अपेक्षा नाही म्हणून, खुशाल दंगा करायची.

यंदाच्या सातांत मुंगी होती. अक्षर मुंगीएवढं, म्हणून मुंगी. तिने लागोपाठ तीनदा अवघड गणिताचं पान कोरं दिलं आणि वर गणिताच्या स्पर्धेतून नाव काढा म्हणून चिठ्ठी आणली. बाईंनी पान उजेडात धरलं, तर खोडरबराने घासून घासून कागद विरलेला. गणित सोडवलं होतं आणि पुसलं होतं.

"अगं, पुसलंस कशाला?"

"चुकलं असतं तर?"

"तर चुकलं असतं! त्यात काय एवढं?"

मुंगीने मान वर केली. "बाई, तुम्ही शेवटच्या कधी चुकलात?"

बाई आठवायला लागल्या, तर एकही चूक आठवेना. आधी जरा बरं वाटलं, मग नाही. चुकायचं तर न येणारं काहीतरी करावं लागतं, आणि पन्नास वर्षांत बाई त्या वाटेला गेल्याच नव्हत्या. बिल्ल्याबरोबर आपण या पोरीला आपली भीतीही टाचून दिली, हे त्यांना लख्ख कळलं आणि फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाई मैदानावर सायकल धरून उभ्या. शिकवायला कोण, तर तुफान. ही शेवटच्या बाकावरची, जिच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी दोन वर्षं 'लक्ष नाही' असा शेरा मारला होता. घरातल्या चार धाकट्या भावंडांना सायकल हिनेच शिकवलेली.

"खाली नका बघू बाई, समोर बघा. मी धरलंय."

"सोडू नकोस हं!"

"सोडणार. पण सांगून सोडेन."

सांगून सोडलं आणि बाई कुंड्यांवर आडव्या झाल्या. मैदानभर हशा पिकला. तुफानने सायकल उचलली, बाईंना उचललं आणि शांतपणे विचारलं, "कुठल्या बाजूला कललात, आठवतंय?" 'चुकलात' हा शब्द तिच्या तोंडून एकदाही आला नाही. बाई पदरावरची माती झटकता झटकता मनात म्हणाल्या, लक्ष नाही म्हणे! हिचं लक्ष माझ्या टाचेपासून मानेपर्यंत आहे. मी कधी कुणाला इतकं निरखून शिकवलंय?

आठवडाभर बाई रोज पडल्या. पोरं हसून हसून दमली. मुंगी तेवढी पायरीवर उभी राहून न हसता बाईंच्या गुडघ्यावरची चिकटपट्टी बघत राहायची. आठव्या दिवशी बाईंनी मैदानाला अख्खी फेरी मारली आणि उतरायचं कसं हे विचारायचं राहून गेल्यामुळे पुन्हा पडल्या.

मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. "बाई, शाळेची शोभा होतेय."

"होऊ दे. आणि सर, ते बिल्ले बंद करायचेत."

"मग हुशार कोण ते कळणार कसं?"

"कशात हुशार, ते विचारा. वर्गातल्या अडतीस जणांचं लिहून आणलंय. तिघांचं अजून सापडलेलं नाही, शोधतेय."

सरांनी वही घेतली आणि चष्मा शोधायला लागले.

त्याच दिवशी शाळा सुटताना मुंगीने पान आणून दिलं. पान गच्च भरलेलं. दुसऱ्याच ओळीत चिन्ह बदललं होतं, त्यामुळे खालचं सगळंच गणित भलतीकडे गेलं होतं. खोडल्याची मात्र एकही खूण नव्हती. तळाशी मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कुठेतरी पडलेय. उद्या बघते.'

बाईंनी लाल पेनचं टोपण काढलं, पान वरपासून खालपर्यंत वाचलं आणि टोपण परत लावलं. चूक कुठे आहे ते त्यांना दिसत होतं. पण ती उद्या मुंगीच शोधणार होती.