पाणी चाखणारे भाऊ

दारात चप्पल काढली की भाऊ शर्टाची बाही वर सारायचे, करंगळी माशांच्या पेटीत बुडवायचे आणि जिभेला लावायचे. पाहणाऱ्याला शिसारी यायची. "मासोळीले काऊन पाह्यता? पाण्याले पाहा," म्हणायचे.

घुग्घुसच्या कोळसा खाणीत ते पंप चालवायचे. तळाशी साचलेलं पाणी उपसायचं, वर्षानुवर्षं तेच. मी तिथंच हजेरी कारकून. कॉलनीत चार-पाच घरांत काचेच्या पेट्या होत्या. मासे आजारी पडले की पाळी संपवून थकलेले भाऊच यायचे. ज्याला नाही म्हणताच येत नाही, असा माणूस तुम्हीही पाहिला असेल.

आमच्या पेटीत सहा लाल मासे होते. आईला लकवा मारलेला. खाटेवरून तिला तेवढंच दिसायचं. महिन्याभरात चार मेले. "सहावी गेली का मी गेली," आई म्हणाली आणि जेवण टाळू लागली. खरं सांगतो, मी पार कंटाळलो होतो. माशांनाही आणि आईलाही.

भाऊ दोनदा येऊन पाणी चाखून गेले. "पाणी तर बराबर आहे." तिसऱ्यांदा आले ते स्टुलावर खोकत बसूनच राहिले. संध्याकाळ झाली तसं मी रोजच्यासारखं आईच्या खाटेभोवती पिचकारीनं मच्छरचं औषध मारलं.

"थांबा बाबू." भाऊंनी पेटीला हवा देणाऱ्या छोट्या पंपावर हात ठेवला. "हा काय करून राह्यला? खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडून राह्यला. पंप जे ओढते तेच देते. इतके वर्ष पंप चालवतो, अन् माह्या ध्यानात नाई आलं."

आईला डास चावू नयेत म्हणून मीच तिचे मासे मारत होतो. मला फार लाज वाटली. औषध बंद झालं, मच्छरदाणी आली. पंप खिडकीबाहेर ठेवू का विचारलं, तर भाऊ हसले. "बाहेर? कोळशाची धूळ पाजता का त्याहिले?" लांब नळी जोडून त्यांनी तो मागच्या खोलीत, धान्याच्या कोठीवर ठेवला. उरलेले दोन मासे जगले. आई पुन्हा भाकर मागू लागली.

दोन वर्षांनी भाऊंनी अंथरूण धरलं. छातीचं दुखणं. मी विचारलं, "डॉक्टर काय म्हणते, भाऊ?"

"डॉक्टर काय सांगन? मी काय ओढलं ते मले ठाऊक आहे."

घरी येऊन आईला सांगितलं. तिनं मानेनंच पेटी दाखवली. "त्या भाऊकडे नेऊन ठेव हे," म्हणाली.

"मग तू काय पाहशील?"

"मी लय पाह्यलं."

अर्धं पाणी काढून, पेटी मांडीवर घेऊन मी सायकलरिक्षानं गेलो. शेवटचा महिना ते दोन मासे भाऊंच्या खाटेसमोर होते.

भाऊ गेले. काही दिवसांनी त्यांच्या बायकोनं पेटी परत पाठवली. मी ती जुन्या जागी ठेवली.

"बऱ्या आहेत का मासोळ्या?" आईनं विचारलं.

मी शर्टाची बाही वर सारली, करंगळी बुडवली आणि जिभेला लावली.