कंदीलपुष्प आणि डावखुरा फलंदाज

पनवेलशी माझी ओळख आजवर चहापुरतीच. सोलापूरहून कोकणात जाताना गाडी थांबायची, चहा व्हायचा, गाडी निघायची. यंदा मात्र कॉलेजातल्या मैत्रिणीने, शोभाने, हट्टच धरला. ती नवीन पनवेलला राहते आणि निवृत्त होईपर्यंत वनस्पतिशास्त्र शिकवत होती.

भाद्रपदात एका सकाळी पळस्पे फाट्यावर उतरले. शोभा गमबूट घालून उभी, हातात लाल झेंड्यांचा जुडगा.

"मोर्चा आहे का गं?"

"सड्यावर जायचंय," ती म्हणाली. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचा उघडा, सपाट कातळ. तिथे तिला कंदीलपुष्पाची एक दुर्मिळ जात सापडली होती. गावातली पोरं गणपतीनंतर तिथेच जेसीबी फिरवून क्रिकेटचं मैदान करणार होती. त्याआधी झाडांपाशी खुणा करून गावाला पटवायचं, असा बेत होता.

रिक्षाने पायथ्याचं गाव गाठलं आणि धापा टाकत वर पोचलो. सोनकीच्या फुलांनी सगळा सडा पिवळा केला होता. शोभाचं फूल मात्र कुठे दिसेना. "अगं, कुठंय?" म्हणत मी मागे सरले, शेवाळावर पाय घसरला आणि सपशेल आपटले. शोभा धावत आली, गुडघे टेकून बसली, गवत चाचपलं आणि म्हणाली, "वाचलं बाई!"

मी नव्हे, झाड. माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर बोटाएवढं हिरवट फूल उभं होतं, टोकाला जाळीदार घुमटी. इतकं देखणं की मी दुखणं विसरले. पूर्ण नाही, पण बरंचसं.

झेंडे रोवून होतायत तोच अर्धं गाव वर आलं. पुढे क्रिकेट संघाचा कप्तान हरेश.

"मॅडम, इथनं कंचा रस्ता जातं? भाव काय देताव?"

"रस्ता नाही हो. फुलं आहेत."

"आमाला मागं पण असंच गोड बोललेले. मंग मोजणीवाले आले."

शोभाने फूल दाखवलं, जगात ते किती थोड्या जागी उरलंय ते सांगितलं. कोणाच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नाही. मग हरेशची आजी द्वारकाबाय वाकून बघू लागली. "अगो, ही तं खर्पुडी! ढोरं चारताना आमी हिचा कंद खनून खायचो."

शोभाचा चेहरा पडला. "किती खाल्लेत, आजी?"

"पोट भरंपर्यंत!"

"म्हंजे आख्खी जात आजीनंच संपवली," हरेश म्हणाला. सगळे हसले, शोभासुद्धा. पण मग तो गंभीर झाला. "मॅडम, खालची शेतं रस्त्यात गेली. पोरांनी खेलायचं कुठं?"

मी कंबर चोळत म्हटलं, "आमच्या गल्लीत शेजारच्या काकूंच्या अंगणात बॉल गेला की आउट असायचं."

हरेशने माझ्याकडे पाहिलं, मग झेंड्यांकडे. "म्हंजे जेसीबी या बाजूनंच फिरवायचा. आन तिकडं गेला की औट?"

"हे माज्या विरोधात हाय!" मागून एक जण ओरडला. "मी डावखुरा हाय, माजे सगले शॉट तिकडंच जातात!"

यावर जोरदार चर्चा झाली. डावखुरा झेंडे मागे सरकवायचा, शोभा पुन्हा पुढे आणायची. अखेर द्वारकाबायने दोघांना दटावलं आणि हद्द ठरली. मग तिने आम्हाला घरी नेऊन तांदळाची भाकरी आणि सुका जवळा (बारीक कोळंबीसारखी सुकट) वाढला. ज्वारीवर वाढलेली मी तीन भाकऱ्या खाल्ल्या.

संध्याकाळी पुन्हा सड्यावर नियमाची परीक्षा झाली. डावखुऱ्याने पहिलाच चेंडू झेंड्यांपलीकडे भिरकावला. पंचाने बोट वर केलं. तो कपाळाला हात लावून चेंडू आणायला निघाला, तर अख्खं गाव ओरडलं, "पाय बघ! पाय बघून ठेव!" आणि तो धिप्पाड गडी मांजरासारखा चवड्यांवर चालत गेला.

परतीच्या गाडीत शोभाचं एक वाक्य आठवत राहिलं. दिवाळीनंतर ही झाडं वाळतात, कंद जमिनीखाली झोपतो, वर काही म्हणजे काही दिसत नाही. सामने ऐन तेव्हाच रंगतात. म्हणजे सगळा हंगाम ते गाव नुसत्या वाळल्या गवताला जपणार, एका बाईच्या शब्दावर. आणि डावखुरा त्या रिकाम्या गवताकडे बघत, दात-ओठ खात, दुसऱ्या बाजूला मारायला शिकणार.