टाकीत मीठ कोण टाकतंय

आमच्या घरात कोणीतरी चोरून मीठ टाकत होतं. वरणात नव्हे, माशांच्या टाकीत. वरणात टाकलं असतं तर मी चकार शब्द काढला नसता.

टाकी बायकोची. ती अमरावतीची. लग्नानंतर अकोल्याला येताना तिनं माहेरून सोनं आणलं ते कपाटात गेलं आणि मासे आणले ते बैठकीत आले. कपाटाला कुलूप असतं, बैठकीत मला बसायलाही जागा उरली नाही. त्यात दोन लोच. लोच म्हणजे टाकीच्या तळाशी, वाळूत मिशा खुपसून राहणारा मासा. अंगावर पट्टे, खवलं नावापुरती. त्यातली थोरली तिच्या वडिलांनी आणून दिलेली. वडील आता नाहीत. घरात कोणी बोलून दाखवत नसे, पण तो मासा नव्हता, तो सासरा होता. मी त्याच्यासमोर बनियनवर बसत नसे.

उन्हाळा लागला आणि दोन्ही लोचांच्या अंगावर रव्यासारखे पांढरे ठिपके आले. बायकोनं अमरावतीच्या जुन्या दुकानदाराला फोन लावला.

"ताई, खडेमीठ टाका," तो म्हणाला. "बाकी माशाले बादलीमागं चमचा चालते. पन लोच हायेत न? मंग अर्धाच. तळच्या माशाले मीठ सोसत नाही."

तिनं अर्धाच टाकला. ठिपके गेले. पण नंतर लोच वर येऊन तोंड वासू लागल्या. तळाचा मासा वर येऊन धापा टाकतो म्हणजे घरातल्या म्हाताऱ्यानं एकाएकी गच्चीच्या कठड्यावर चढून बसावं तसं. बायकोनं माझ्याकडं पाहिलं.

"कोणीतरी मीठ टाकून राहिलं."

"मी कायले टाकू?"

"मी तुमचं नाव घेतलं का?"

नाव न घेता एखाद्याला कसं फासावर चढवावं, हे तिच्याकडून शिकावं. मी त्याच क्षणी तपास हाती घेतला. तपासाचं साधन माझ्याजवळ जन्मजात आहे: जीभ. मी तेल्हाऱ्याकडचा. आमच्या पट्ट्यातल्या कोणत्याही बोअरच्या पाण्याचं एक बोट चाटून मी गाव सांगतो, आणि तब्येत बरी असली तर त्या गावचा सरपंच कोणत्या गटाचा तेही. लग्नकार्यात लोक माझ्यासमोर पेले आणून ठेवत. एकदा पाणी चाखून मी सांगितलं होतं, या विहिरीत चप्पल पडली आहे, डाव्या पायाची. गाळ काढला तेव्हा निघाली. उजवी होती, पण निघाली.

तर मी रोज सकाळी टाकीत बोट बुडवून चाटायला लागलो. रोज एकच निकाल: गोड. म्हणजे चोर हुशार होता. माझं बोट बाहेर आल्यावर टाकत असणार.

पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या काकूंवर. त्या महिन्याभरापूर्वी टाकीसमोर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "कित्ती गोड हायेत बाई, नजर लागन." आणि मुठीत मीठ घेऊन त्यांनी टाकीवरून ओवाळलंही होतं. ती मूठ पुढं कुठं उघडली, हे कोणी पाहिलं नव्हतं. मी जिन्यात त्यांना गाठलं.

"काकू, थे नजरेचं मीठ तुमी कुठी टाकलं होतं?"

"गॅसवर जाळलं. काहून?"

"सगळं?"

"नाही, थोडं जपून ठेवलं हाये," काकू म्हणाल्या. "तुमच्यासाठी. तुमच्या डोक्यावरून उतरवा लागते, दिसून राहिलं."

दुसरा संशय माझ्या मायवर. ती डोळे दाखवायला गावाहून आली होती आणि माशांना "मुकी जनावरं" म्हणत तासन् तास टाकीजवळ बसायची. म्हशीला मीठ लागतं, बैलाला लागतं, मग यांना नको? असं तिनं एकदा विचारलंही होतं. मी मिठाची बरणी उचलून माझ्या शर्टांमागं दडवली. दोन्ही वेळा बिनमिठाचं वरण आलं, मी ते निमूट गिळलं आणि सगळ्यांच्या चेहऱ्यांवर नजर ठेवली. माय फक्त म्हणाली, "सुनबाई, तुह्या हातची चव गेली व." तो संसार त्या दिवशी कसा टिकला, हे मला अजून उमगलेलं नाही.

टाकीच्या झाकणाला मी दोराही बांधला. तो फक्त मी सोडायचा, तोही पाणी घालायला. अकोल्याचा मे महिना. टाकीतलं पाणी रोज बोटभर उडून जायचं. नळ आपल्या मर्जीनं येणारा, म्हणून मी बोअरचा मग भरून ती बोटभर जागा इमानेइतबारे भरून काढत असे. एवढा बंदोबस्त असूनही धाकटी लोच मेली.

बायको रडली नाही. तिनं वाळूतून तिला अलगद काढलं, कुंडीत पुरलं आणि हात धुता धुता म्हणाली, "थोरली गेली तर मी टाकी रिकामी करीन. मंग पुन्हा पानी नाही भरनार."

थोरली वर तरंगत होती. कल्ले लाल. मी सासऱ्यांकडं बघण्याचं टाळलं.

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून साळा आला. बहिणीचा आवाज फोनवर ऐकूनच निघाला होता. चप्पल काढून तो थेट टाकीशी गेला, बोट बुडवलं, चाटलं आणि खिडकीतून थुंकला.

"भाऊजी, हे पानी हाये का लोनचं?"

"गोड हाये," मी म्हणालो.

"गोडच तं हाये," माय म्हणाली. तिनंही चाखून ठेवलं होतं.

बहीणभावांनी एकमेकांकडं पाहिलं. त्या पाहण्यात मला कट दिसला. बायको आत गेली आणि तीन पेले घेऊन आली. "चाखा," म्हणाली. मी कॉलर सावरली. असल्या परीक्षांवरच माझं नाव झालं होतं.

पहिला पेला. "हे खरं पानी. अंगाले लागनारं." दुसरा. "हे जरा जड हाये, पन गोड." तिसरा तोंडात घेतला आणि मी थबकलो. "यात काहीतरी मिसळलं हाये. बेचव. औषधी वास. हेच. चोर इथंच हाये!"

"थो नळाचा हाये," बायको म्हणाली. "धरनाचं गोड पानी. पयला बोअरचा. दुसरा टाकीचा."

खारपाणपट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं असतं, हे मी शाळेत शिकलो होतो. पण ते दुसऱ्यांच्या गावांबद्दल असावं अशी माझी समजूत. तिथंच लहानाचा मोठा झालेल्या माणसाला खारं ते गोड लागतं, आणि गोड ते खोटं.

"तुमच्या खानदानालेच खारं समजत नाही!" बायको म्हणाली.

"हे सोयरीक करताना नाही बोलले कोनी," माय म्हणाली.

साळ्यानं मला खांद्याला धरून कूलरपाशी नेलं. त्यातही बोअरचंच पाणी, आणि बाजूच्या गवताच्या ताटीवर पांढरा थर जमला होता, चुना मारल्यासारखा. त्यानं नखानं खरवडून माझ्या तळहातावर ठेवला. "पानी उडते, भाऊजी. मीठ नाही उडत. तुमी रोज मगानं मीठ टाकून राहिले टाकीत."

न्यायानं पाहिलं तर मीठ बोअरनं टाकलं, मी फक्त मग धरला होता. पण ते मांडायची वेळ नव्हती. थोरली अजून वर होती.

सगळं पाणी एकदम बदललं तर तीही मरेल, असं साळा म्हणाला. म्हणून औषधाचा वास उडावा यासाठी बादल्यांत उघडं ठेवलेलं नळाचं पाणी बारीक नळीनं थेंब थेंब सोडायचं, आणि खालून तेवढंच काढायचं. दुपारभर आम्ही चौघं टाकीभोवती बसलो. मला नळीला हात लावू दिला नाही. माय थेंब पडताना पाहून म्हणत होती, "एवढं पानचट पानी त्या जिवाले सोसन का?" माझाही तिला मनातून पाठिंबा होता.

ऊन उतरायला लागलं तेव्हा थोरली खाली जाऊ लागली. पोहत नव्हे, नुसती खाली. वाळूवर टेकली आणि एका कुशीवर कलंडली.

"गेली," मी म्हणालो.

"लोच अशीच झोपते," बायको म्हणाली.

लोच जिवंत असताना अशी झोपते हे खरं. मेल्यावरही अशीच पडते हेही खरं. बायकोनं लोचांचा आवडता खाऊ, काकडीची चकती, बुडावी म्हणून चमच्याला खोचून तळाशी सोडली. साळा बघत होता. माय बघत होती. मी बायकोकडं बघत होतो.

एक मिशी हलली.

"पान्याच्या धारेनं हलली असन," मी म्हणालो.

"चुप बसा जी."

मिशी चकतीच्या कडेला लागली, थांबली, आणि चकती वाळूवरून केसभर ओढली गेली. बायकोनं काचेला कपाळ टेकलं.