दातखीळ बसली ती सकाळ

आमच्या घराण्यात बी.ए. झालेला मी पहिला. हे मी तेव्हाही मिरवत होतो, आजही मिरवतो. माझे वडील, आबा, सहीच्या जागी अंगठा उठवायचे. चुलते पलटणीत राहून आलेले, त्यांना मोडकंतोडकं हिंदी यायचं, एवढीच आमच्या घरातली विद्या. साताऱ्याच्या हायस्कुलात मला इंग्रजी शिकवायची नोकरी लागली तेव्हा मी रस्त्यानं जरा ताठच चालत असे. पण तोंड उघडलं की सगळा ताठा जायचा. माझे वरचे दात पुढे आलेले, इतके की ओठ मिटायचे नाहीत. मागच्या बाकावरची पोरं मला काय म्हणायची ते मला ठाऊक होतं. ते इथे लिहिणार नाही.

सांगलीला कॉलेजात होतो तेव्हा येता-जाता दातांच्या एका डॉक्टरांची पाटी दिसायची. मुंबईला शिकून आलेले, वयानं माझ्याहून थोडे मोठे. नोकरी लागल्यावर पहिल्याच सुट्टीत मी त्यांच्या खुर्चीत जाऊन बसलो.

"दात मागे घ्यायचे तर त्यांना जागा हवी," ते म्हणाले. "वरच्या सुळ्यांच्या मागचा एकेक दात काढू. मग पट्टी आणि तार लावून पुढचे हळूहळू मागे ओढू. पुढे खालचेही दोन काढावे लागतील."

"चांगले दात काढायचे?"

"चांगलेच. किडके असते तर प्रश्नच नव्हता."

घरी हे सांगितलं तर आय कपाळाला हात लावून बसली. "किडका दात काढत्यात, रं. धडधाकट दात कुनी काढतं व्हय?" चुलते तर हसून लोळले. "मास्तर, बैलाचं वय दातावनं धरत्यात. दोन कमी झाल्यावर तुला बाजारात कोन इचारील?"

मी ऐकलं नाही. दात काढून घेतले. टाळूला चिकटून बसणारी तांबूस रबराची कडक पट्टी आली, तिला पुढून तार. दर महिन्याला तार आवळून घ्यायला आगगाडीनं सांगलीला जायचं आणि वाटेत आमच्या गावी उतरायचं. महायुद्धामुळे विलायती तार मिळेनाशी झाली तेव्हा डॉक्टर जुनीच पुन्हा वाकवून लावायचे. दात हलत होते हे मात्र खरं. आरशात बघून मला हुरूप यायचा. पुढच्या दातांनी काही चावता यायचं नाही, म्हणून मी सगळं उजव्या दाढेनं चावायची सवय लावून घेतली. काही महिन्यांनी उजव्या कानापुढं खट असा आवाज यायला लागला. जांभई दिली की खट. वर्गात मोठ्यानं वाचताना खट. डॉक्टरांनी दोन्ही कानांपुढं बोटं ठेवून माझं तोंड उघड-मीट करून पाहिलं आणि म्हणाले, "खालच्या दातांचं जरा थांबू."

का थांबायचं ते मी विचारलं नाही.

नाताळच्या सुट्टीत गावी आलो तेव्हा गुऱ्हाळ चालू होतं. आल्या आल्याच अनवाणी फडात शिरलो आणि तोडलेल्या उसाचा खुंट तळपायात घुसला. आयनं हळद भरली. वरून खपली धरली, आतून ठणकत राहिलं. मी लक्ष दिलं नाही. सुट्टी संपत आली तेव्हा एका संध्याकाळी चुलत्यांनी उसाचं कांडं माझ्यापुढं धरलं.

"का रं, बी.ए.ला ऊस सोलाय येत न्हाई का आता? इळ्यानं कापून देऊ, म्हाताऱ्यागत?"

चुलीभोवतीची माणसं हसली. आमच्याकडं धडधाकट माणसानं ऊस कापून खायचा म्हणजे लाज. मी पट्टी काढून रुमालात बांधली आणि कांडं उजव्या दाढेत धरून सालटं ओढलं. मग दुसरं सोललं, तिसरंही.

सकाळी जांभई आली आणि तोंड बोटभर उघडून तिथंच थांबलं. आतून कुणी कडी लावावी तसं. मी जोर केला, कानापुढं कळ गेली, पण जबडा हलला नाही. आय तांब्या घेऊन आली होती. "आय, तोंड उघडंना," मी दातांतून म्हणालो. तिनं तांब्या अगदी सावकाश खाली ठेवला. आवाज होऊ नये म्हणून तिनं तो तसा ठेवला हे मला कळलं, आणि मामा आठवला.

तिचा भाऊ धनुर्वातानं गेला होता. पायात काटा मोडला होता. आधी तोंड मिटलं, मग मान ताठली, मग पाठ धनुष्यासारखी वाकली. आवाज झाला किंवा उजेड पडला की झटका यायचा.

घटकाभरात घर बदललं. खिडकीवर घोंगडं आलं. दार ओढून घेतलं. बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा उतरवल्या. शेजारचं जातं थांबलं. कुणी बोलेना, जो तो टाचा उचलून चालू लागला. त्या अंधारात पडून मी माझं शरीर ऐकत होतो. मान आखडली का? पाठ ताणली का? जबडा महिनोन्महिने वाजतोय, म्हणजे हा सांध्याचाच घोटाळा, असं एक मन सांगायचं. लगेच तळपाय ठणकायचा. इतकी पुस्तकं वाचली, पण दोन्हींतलं खरं कुठलं हे ठरवायला त्यातलं एकही उपयोगाचं नव्हतं.

बाहेर चुलते हलक्या आवाजात आबांना सांगत होते, "कानाफुडं दोनी अंगाला तापल्या इळ्याचा डाग दिला की खीळ सुटती. उशीर करू नगंस."

मी भिंत धरून दारात गेलो. "मला पाणी द्या," म्हणालो. दातांच्या फटीतून घोट घेतला, गिळून दाखवला. हनुवटी छातीला लावून दाखवली. "धनुर्वातात गिळता येत नाही."

"आज उतरतंय," चुलते म्हणाले. त्यांच्या तोंडावर हसू नव्हतं. "वैनीच्या भावालाबी पैल्या दिशी उतरलं हुतं."

"मला सांगलीला न्या."

"गाडीचं धक्कं बसलं तर वाटंतच मरंल त्यो," आय म्हणाली. "हलवू नगासा."

आबा माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "ज्यानं दात काढलं, त्याच्याकडंच?"

"व्हय."

"इस्वास हाय?"

"हाय," मी म्हणालो. खरं तर नव्हता. पण विळा चुलीत घातलेला मला दिसत होता.

स्टेशनापर्यंत बैलगाडी, पुढं आगगाडी. आबांनी माझं डोकं दोन्ही हातांत धरून ठेवलं होतं. रूळ बदलताना डबा हादरला की मी पाठीची वाट बघायचो, आता ताणेल म्हणून.

डॉक्टरांनी मान वाकवून बघितली, पोट दाबून बघितलं, पाणी प्यायला लावलं, पायाची खपली बघितली. "धनुर्वात नाही. सांधा अडकलाय," ते म्हणाले. मग अंगठ्यांना कापड गुंडाळून ते माझ्या खालच्या दाढांवर टेकवले आणि जबडा खाली दाबून पुढं ओढला. आबांनी त्यांचं मनगट धरलं. "आवं, मोडशीला की!" तेवढ्यात कानात मोठ्ठा खट झाला आणि तोंड उघडलं. मी किंचाळलो. डोळ्यांतून पाणी आलं ते कळेचं होतं की कशाचं, सांगता येत नाही.

जखम धुऊन पुढं धनुर्वात होऊ नये म्हणून इंजेक्शन घ्यायला डॉक्टरांनी आम्हांला दवाखान्यात धाडलं. तिथून परत आल्यावर आबांनी उभ्या उभ्याच विचारलं, "दात काढलं म्हनून झालं का ह्ये?"

डॉक्टर म्हणाले, "खरं सांगू का काका? मला माहीत नाही. एकही दात न काढलेल्यांचे जबडे मी असेच अडकलेले पाहिलेत. आणि चार-चार काढलेल्यांचे कधी वाजत नाहीत. एका बाजूनं चावणं, काल तो ऊस, हे नक्की नडलं. पण आधीचं मूळ कशात, हे छातीवर हात ठेवून मी सांगणार नाही."

मला ते उत्तर आवडलं नाही. दात काढल्यामुळे, किंवा दात काढल्यामुळे मुळीच नाही, असं काहीतरी एक हवं होतं. 'माहीत नाही' घेऊन घरी कसं जायचं? ते म्हणाले, "पुन्हा अडकू शकतं. मऊ खा. जांभईला हनुवटीखाली मूठ धरा. खालच्या दातांचं तुम्ही ठरवा." मी तिथंच नको म्हणालो. ते दोन दात अजून माझ्या तोंडात आहेत.

रात्री आम्ही गावी परतलो. दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली, पण तोंड उघडायचा धीर होईना. मिटलेले दात जिभेनं चाचपत पडून राहिलो. दाराशी आय आली.

"उठला का रं?"

मी बोललो नाही.

"अरं, उठला का?" आवाज बदलला होता. तो ऐकवला नाही. हनुवटीखाली मूठ धरून मी तोंड उघडलं. खट.

ती उंबऱ्यावर बसली. "वाजलं," म्हणाली.

"वाजू दे," मी म्हणालो. "उघडलंय."