कूड जाळून काढलेला हिवाळा

नात सुट्टीत आली की तिच्या फोनवरचं काहीबाही मला दाखवत बसते. परवा तिनं बर्फाच्या डोंगरात एकटी राहणारी कुठली तरी पोरगी दाखवली. लाकडं काय फोडते, बर्फ वितळवून चहा काय करते. मी विचारलं, "हिच्या घरचे कुठं मेलेत?"

"आजी, तेच तर! ती एकटी राहते. तू पण राहिली होतीस ना रानात, थंडीत? आई सांगत होती. किती भारी!"

भारी. हा शब्द ऐकला की माझ्या कपाळाला आठ्या पडतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. त्या हिवाळ्यात भारी असं काही नव्हतं. होती ती सतरा वर्षांची एक आडमुठी पोरगी. ती आज माझ्यापुढं येऊन उभी राहिली तर आधी तिच्या पाठीत दोन धपाटे घालीन, मग जेवायला वाढीन.

झालं असं की मी मॅट्रिक पास होऊन घरी बसले होते, आणि दिवाळी सरल्यावर, येत्या वर्षी परभणीला कॉलेजात जाते म्हणून हटून बसले. वसतिगृह वगैरे काही नव्हतं, खोली करून राहावं लागणार होतं. दादा, म्हणजे माझे वडील, पान लावता लावता म्हणाले, "एकटी राहशील? तुला अंधार पडल्यावर परसात जायला सोबत लागती."

हे अगदी खरं होतं. खरं होतं म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच आठवड्यात आमचा सालगडी भांडून निघून गेला होता. चारठाणा गावाच्या पलीकडं माळाला लागून आमचं रान. हरभरा, ज्वारी उभी आणि राखायला माणूस नाही. रोही, म्हणजे नीलगायी, आणि डुकरं तर जेवणाचं आवतण असल्यासारखी यायची. मी तोंड उघडलं, "मी राहते आखाड्यावर. येळवशीपर्यंत. एकटी."

आखाडा म्हणजे रानातली आमची झोपडी. आणि येळवस म्हणजे ती अवस, जिला घरादारासकट सगळे रानात जेवायला जातात. म्हणजे ऐन कडाक्याचा हिवाळा मी आपल्या हातानं गळ्यात घेतला. एक रात्र म्हणाले असते तरी भागलं असतं. पण नाही.

दादांनी पान गालात सरकवलं. "राहा की. पण एकटं म्हणजे एकटं. कुणाच्या दारी हात पसरायचा न्हाई. काडी जरी मागितली, संपलं. घरी यायचं, आन् उन्हाळ्यात लगीन."

"आन् राहिले तर?"

"तर परभणी."

माय आतून म्हणाली, "दोघंबी येडे हाव." तिनं पीठ, मीठ, मिरच्या, दोन वाकळा, गवऱ्या आणि जळणाची एक मोळी असं बांधून दिलं. मोळी बेताचीच होती. ही दोन दिवसांत रडत येती, असा तिचा हिशोब असणार.

आता तो आखाडा कसा होता ते सांगते. चार मेढी म्हणजे खांब, वर पाचटाचं छप्पर आणि तिन्ही बाजूंनी तुराट्यांचा कूड. तुरीच्या वाळक्या काड्या एकीला एक लावून बांधायच्या, वरून शेणमातीचा हात फिरवायचा, झाली भिंत. चौथ्या बाजूला ताटी, म्हणजे काड्यांचंच दार. कोपऱ्यात येळवशीसाठी राखून ठेवलेला कडबा. बांधापलीकडं चुलत्यांचं रान. चुलते आणि काकू बाराही महिने तिथंच आखाडा करून राहायचे. या बांधापायीच दादा आणि चुलते कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. काकू मात्र सगळ्यांशी बोलायची. समोरचा बोलतो की नाही, यानं तिला काही फरक पडत नसे.

काकूच्या आखाड्यामागं पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग होता. घराएवढा. आयुष्यभर शेकत बसावं एवढा. हे लक्षात असू द्या.

पहिल्याच संध्याकाळी मी काय केलं? दिवस मावळायच्या आत होळीएवढा जाळ केला. थंडी म्हणून नाही, भीती म्हणून. कोल्हा ओरडला, टाक लाकूड. टिटवी ओरडली, टाक लाकूड. काहीच ओरडलं नाही, तर त्याची जास्तच भीती, म्हणून टाक दोन लाकडं. मायनं दिलेली मोळी बघता बघता संपली.

मग म्हणाल, माळावर काटक्या नव्हत्या? होत्या की! बाभळी होत्या, पळस होते. मी गेलेही. अनवाणी. चप्पल ताटीशी ठेवून, का तर दवानं भिजेल. टाचेत बाभळीचा काटा शिरला आणि मी लंगडत परत आले ती पुन्हा गेलेच नाही. पुढं जळणाला जायचा विषय निघाला की टाच दुखायची. एरवी नाही.

आणि मग खरं हीव सुरू झालं. माळावरचं वारं आडवं येतं, त्याला अडवायला काही नाही. वाकळ ओली, पाय बर्फ. पहाटे हरभऱ्यावर दव असं पडायचं की घाटे धुऊन काढल्यासारखे. मी कडब्याची एक पेंढी घेतली. एकच. कडबा भुर्रकन जळतो, हे शेतकऱ्याच्या लेकीला सांगावं लागू नये. पण उजाडेपर्यंत सगळा कडबा संपला होता. बैलाच्या तोंडचा घास मी पाय शेकायला जाळला, आणि वर तो आहे तरी कशासाठी ठेवलेला, हे त्या दीडशहाणीच्या डोक्यातच आलं नाही.

त्यानंतर कूड.

पहिल्यांदा कोपऱ्यातली एक तुराटी सैल झाली होती, ती उपसली. सैल म्हणजे तशीही पडणारच होती. मग तिच्या शेजारची सैल झाली. तुराट्यांचं असं आहे की एक काढली की दुसरी सैल होते. आणि भिंतीला फट पडली की वारं आत येतं. वारं आत आलं की थंडी वाढते. थंडी वाढली की जाळ मोठा लागतो. जाळाला काय लागतं? तुराट्या. मॅट्रिकला गणितात मला बरे मार्क होते हो!

काकू सकाळी दात घासत बांधावर यायची.

"का गं पोरी, उंदरं झालेत का तुझ्या आखाड्यात? कूड कुरतडायलेत जणू."

"न्हाई. हवा यावी म्हणून काढलंय."

"हवा? या गारठ्यात?" काकूनं मिश्रीचं बोट तसंच हवेत धरलं. "पऱ्हाट्या ने की आमच्यातल्या. लय पडलेत."

"आमच्याकडं लय जळण हाय, काकू."

"दिसायलंय ना, बाई. तुझी चूल मला आता हितून दिसायलीय."

दोन दिवसांनी तिनं न विचारताच पऱ्हाट्यांची एक मोळी बांधावरून आमच्या हद्दीत ढकलून दिली. घ्यायची की नाही? मागितली नव्हती, हात पसरला नव्हता, अट मोडत नव्हती. साधा विचार केला असता तरी कळलं असतं. मी काय केलं? त्या मोळीला पायानं रेटत रेटत पुन्हा बांधापलीकडं लोटलं. रेटताना घाम आला. एवढ्या दिवसांत अंगात ऊब आली ती तेवढीच.

काकू कमरेवर हात ठेवून बघत होती. म्हणाली, "दादाचीच लेक हायस. तेबी असंच मरंल एक दिवस, माझ्या दारात पाणी असून तहानेनं."

पिकं राखायचं म्हणाल, तर एका पहाटे जाग आली ती कुणी तरी श्वास सोडल्यानं. पश्चिमेकडच्या भिंतीत, म्हणजे जिथं भिंत होती तिथं, एक रोही मान आत घालून उभा. घोड्याएवढं जनावर. मला बघून त्यालाच नवल वाटलेलं. त्याला हाकलायला तर मला तिथं ठेवलं होतं. मी वाकळेतून नाक बाहेर काढलं आणि म्हटलं, "हाड." तेही असं की देवळात कुणाशी कुजबुजावं. रोही खाता खाता गेला, मी बघत बसले.

आणि तरी, घरी जावं असं मनात येई तेव्हा ते उन्हाळ्यातलं लगीन डोळ्यापुढं यायचं. मुलगा बघूनही ठेवला होता. मग मी आणखी एक तुराटी ओढायची.

येळवशीला सकाळी बैलगाडी आली. आंबिलीचं मडकं, पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं, खीर, बाजरीचे उंडे, माय, भावंडं. मी चार मेढींच्या मधोमध, मांडवात नवरी बसवावी तशी बसलेले. चारी दिशा मोकळ्या. तोंडाला राख, केसांत राख. माझ्या डोळ्यांत मात्र अशी ऐट की गड जिंकलाय.

मायनं तोंडाला पदर लावला. ती रडते की हसते, कळेना. दादांनी छपराभोवती एक चक्कर मारली.

"कूड?"

"जाळला."

"कडबा?"

"जाळला."

"मग या मेढी कामून ठेवल्यास?"

"जाड हायत. कुऱ्हाड नव्हती."

दादांनी कपाळाला हात लावला. तो कुडासाठी नव्हे. येळवशीला रानात कडब्याची कोप उभी करतात, तिच्यात पाच दगड मांडून पूजा करतात, मगच जेवतात. आणि कोपीचा कडबा मी पाय शेकायला जाळलेला. आजूबाजूच्या रानांतून पूजा आटोपून पिकावर आंबील शिंपडणाऱ्यांच्या हाळ्या ऐकू यायला लागल्या. धाकटी भावंडं भुकेनं भुणभुण करायलेली. गाव इथून लांब; जाऊन येईतो दिवस कलला असता.

दादा एकदा रानाकडं बघायचे, एकदा बांधाकडं. शेवटी धोतराचा सोगा खोचून बांधापर्यंत गेले आणि पलीकडं तोंड न करताच म्हणाले, "वहिनी."

"कोण बोलायलंय?" काकू ज्वारीतून ओरडली. ती दहा हातांवर होती.

"मी."

"मी कोण?"

"वहिनी, पाच पेंढ्या कडबा द्या. कोपीला."

"ऐकू येईना भावजी. वारं लय हाय. तुमच्या आखाड्यातनं येतंय."

माय खाली बसून हसायला लागली, ती पदर तोंडात कोंबूनही थांबेना. दादांना पुन्हा मागावं लागलं, मोठ्यानं, स्वतःचं नाव सांगून. काकू पाचाच्या जागी दहा पेंढ्या घेऊन आली आणि आल्यासरशी पंगतीला बसली. चुलते आले नाहीत. त्यांचं ताट बांधावर पोचवलं. त्यांनी आमच्याकडं पाठ करून खीर खाल्ली, दोनदा.

आणि भर जेवणात, सगळं इतकं निवलेलं असताना, मला गप्प बसवेना. "दादा, हात कुणी पसरला मग?"

मायनं मांडीला असा चिमटा काढला की काळंनिळं झालं. दादांनी उंडा मोडला, भज्जीत बुडवला, चावला. काकूही चावायची थांबली होती.

"तू न्हाई पसरलास," ते म्हणाले. "आता काय करणार, परभणी."

मला वाटलं मी जिंकले. किती तरी वर्षं तसंच वाटत होतं, म्हणजे बघा.

शाळा-कॉलेजं उघडायच्या दिवसांत दादा मला परभणीला सोडायला आले. खोली बघितली. खिडकी बघितली नाही, नळ बघितला नाही. बोटाच्या पेरांनी चारी भिंती वाजवून बघितल्या. "इटाच्या हायत," म्हणाले, आणि निघाले. मला हायसं वाटलं. तर जिन्यावर थांबून त्यांनी शेजारचं दार वाजवलं. जाडजूड बाई बाहेर आल्या. माझ्यादेखत दादा त्यांना हात जोडून म्हणाले, "माझी लेक हाय. ही मागायची न्हाई. कूड जाळंल, पण मागायची न्हाई. तेव्हा तुमीच विचारत जा." आणि वर सगळी हकिगत सांगितली. रोह्यासकट.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला.

त्या संध्याकाळी स्टोव्ह पेटवायला गेले तर टाकीत थेंब नाही. अंधार पडत आला होता. मी पलंगावर उपाशी बसून राहिले, चांगली ताठ. तेवढ्यात दारावर थाप पडली आणि शेजारच्या बाईंचा खणखणीत आवाज आला, "ए पोरी, भिंती हायत का गं?"

मी ओठ चावला. दार किलकिलं केलं.

"हायत," मी म्हटलं. "रॉकेल तेवढं न्हाई."