गुलाबी कार्डावरचा अंगठा

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय ते विचारू नका — तोंड उघडलंय तोवर ऐकून घ्या.

निपाणीजवळच्या एका खेड्यात मी टपाल वाटलं. सगळी नोकरी तिथंच गेली. निवृत्त झालो तेव्हा गावानं शाल-नारळ दिला. एकानं भाषण ठोकलं, की ह्या माणसाच्या हातून एक कागद इकडचा तिकडं झाला नाही. टाळ्या पडल्या आणि माझं डोकं फिरलं. कारण आमच्याकडची रीत त्या टाळ्या वाजवणाऱ्यांना ठाऊक होती. मळ्यात राहणाऱ्यांचं टपाल मळ्यापर्यंत न्यायचंच नाही, त्यांच्या गावातल्या घरी कर्त्या पुरुषाच्या हातात द्यायचं. बाईच्या नावाचं असलं तरी. घरात दिलं म्हणजे पोचलं! ज्या बाईचं पत्र, तिला कुणी विचारलं होतं का कधी?

पण रीत गावाची होती, आणि मी जे केलं ते माझं होतं. सांगतो.

परदेशातून आलेल्या रजिस्टर पत्राला कधी कधी एक गुलाबी कार्ड जोडलेलं असतं. ज्याच्या नावाचं पत्र, त्यानंच त्यावर सही करायची. मग ते कार्ड विमानानं पाठवणाऱ्याकडं परत जातं. इथल्या हाताची खूण सातासमुद्रापार पोचते. केवढ्या विश्वासाचं काम — आणि सोपवलं कुणावर? ओढ्यापलीकडं सायकल रेटायचा कंटाळा येणाऱ्या माणसावर.

ओढ्यापलीकडच्या मळ्यात चंपाक्का राहायची. नवरा गेलेला, कानानं ठार बहिरी, त्यामुळं फोनचा तिला उपयोग नव्हता. मुलगी पद्मा जर्मनीत होती. तिनं तिथं जातीबाहेर लग्न केलं म्हणून थोरल्या भावानं, अण्णानं, तिचं नाव टाकलं होतं. ह्या पद्मानंच जाण्याआधी आईला अक्षरं शिकवली होती. आक्का सही करताना जीभ दातात धरायची. पेन्शनच्या कागदासाठी मी एकदा तिच्यापुढं शाईचं पॅड सरकवलं, तर माझ्यावरच उखडली. "मला येतंय रं लिवायला. अंगठा कुणाचा घेतोस?"

म्हणजे मला माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

एका उन्हाळ्यात पद्माचं पत्र आलं, गुलाबी कार्डासकट. मी नेहमीप्रमाणं अण्णाच्या तंबाखूच्या वखारीत गेलो. त्यानं पाकीट उलटसुलट बघितलं आणि खणात टाकलं. कार्ड माझ्याकडं ढकललं. "ह्याचं काय ते तूच बघ. माझं अक्षर ती वळखंल."

पत्र परत मागता आलं असतं की नाही? नियम माझ्या बाजूनं होता. अण्णा काय वाघ होता? पण गावातल्या बड्या माणसापुढं आमची मान आपोआप खाली जाते — कशाला उगाच वाकडं घ्या. मी "बरं" म्हणालो. त्याच्याच टेबलावर शिक्क्याचं पॅड होतं. त्यावर मी अंगठा दाबला आणि आक्काच्या सहीच्या जागी उमटवला. माझा अंगठा. बाईचा म्हणून उजव्या हाताचा लावला. तेवढं मात्र मी नियमानं केलं.

पुढं बेळगावहून चौकशीचा कागद आला. पद्मानं तिकडून विचारलं होतं, माझी आई सही करते, मग अंगठा का? पत्र तिच्या हातात दिलं का? ही एक संधी होती. मी लिहिलं: पत्र समक्ष दिले, सही करण्यास नकार देऊन स्वखुशीने अंगठा दिला. 'नकार देऊन' हे माझ्या पदरचं. कुणी मला सांगितलं नव्हतं. कागद मिटावा म्हणून घातलं, आणि मिटलाच. एवढ्या साहेबांच्या हाताखालून तो गेला, पण एकालाही वाटू नये, की मळ्यात जाऊन त्या बाईला विचारावं? कागदाला कागद जुळला की झालं ह्यांचं.

आक्का वाटेत भेटायची. बहिऱ्या माणसाचा असतो तसा तिचा आवाज मोठा. "पद्मीचं काय आलंय का रं?" मी नुसती नाही म्हणून मान हलवायचो. बहिऱ्याशी खोटं बोलायला तोंडसुद्धा उघडावं लागत नाही. दोन वर्षं मी मान हलवत होतो. मग आक्का गेली.

त्यानंतर पद्मा आली. लहानपणापासून ओळखायची म्हणून माझ्या घरीही आली. समोर बसून तिनं सांगितलं, पत्रात तिनं काय लिहिलं होतं ते. आई, मी आलेलं तुला चालणार असेल तर कार्डावर सही कर. सही बघितली की मी निघते. सहीच्या जागी अंगठा आला. तरी तिनं चौकशी केली. तर उत्तर आलं, सहीला नकार दिला.

"म्हणून आले न्हाय, काका," ती म्हणाली.

मग तिनं पर्समधून ते कार्ड काढलं. प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेलं होतं. "रागानं का असंना, आईनं हात लावलाय ह्याला," असं म्हणून तिनं त्या अंगठ्यावर कपाळ टेकलं. मी बसलो होतो तिथंच, उजवा हात मांडीखाली घेऊन. तोंडातून निघालं ते एवढंच, की चहा घेशील का.

अण्णाला मी अजून मनातल्या मनात शिव्या देतो. पण कार्डावर अण्णाचा अंगठा नाही.

पद्मा परत गेली. आईच्या फोटोशेजारी ते कार्ड लावणार म्हणाली होती. लावलं असेल. तिकडं ती रोज त्याला नमस्कार करत असेल, माझ्या अंगठ्याला.